‘पप्पांनी सांगितलंय’ म्हणून चौथीतली मुलगी तंबाखूची पुडी मागते, द्यायची का?

पत्र थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंनी लिहिलंय. वय ३८. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान आहे, त्यावर त्या, सासूबाई आणि नववीतला मुलगा असं घर चालतं. दुकानात तंबाखूच्या पुड्या, बिडी, सुटी सिगारेट आणि सुगंधी सुपारी ठेवतात. संध्याकाळी लहान मुलं येतात, "आजोबांना पुडी द्या", "पप्पांनी सांगितलंय", आणि त्या देत आल्या. दिवाळीनंतर शाळेतल्या एक बाई दुकानात येऊन म्हणाल्या की मुलांना तंबाखू देणं गुन्हा आहे, तेव्हापासून त्यांनी बंद केलं. चौथीतल्या एका मुलीला परत पाठवलं तर तिचे वडील दारात येऊन ओरडून गेले आणि महिन्याचं उधारीचं खातं समोरच्या दुकानात नेलं. दीर म्हणतात, पोरगं काय स्वतः खातं का, तू नाही दिलीस तर पुढची टपरी देईल, आणि दंड तर दोनशेच रुपये. ताई विचारतात, "ओळखीच्या घरातली मुलं आहेत, घरचेच पाठवतात, मग पुन्हा द्यायला लागले तर चालेल का? कायदा खरंच एवढा कडक आहे की बाई उगाच घाबरवत होत्या?"

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि त्यातली एक ओळ डोक्यातून जाईना. तुम्ही लिहिलंय की त्या मुलीच्या मुठीतली दहाची नोट घामाने ओली झाली होती आणि तुम्ही नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग पप्पा मला ओरडतील, तुम्हाला नाही." त्या पोरीने एका वाक्यात तुमचा अख्खा प्रश्न सांगितला. म्हणजे तुमच्या नाही म्हणण्याचा त्रास आज सगळ्यात लहान माणसाला झाला, आणि तुम्हाला बोचतंय ते तेच, गिऱ्हाईक तुटलं त्यापेक्षा जास्त, असं मला पत्रावरून वाटलं. त्यावर येतेच, पण आधी कायद्याचं सांगते, कारण दिरांचं "दोनशे रुपये" हे अर्धंच खरं आहे.

बाई घाबरवत नव्हत्या. तंबाखूचा जो मुख्य कायदा आहे, २००३ चा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, त्याच्या कलम ६ मध्ये दोन गोष्टी आहेत. १८ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखूची कुठलीही वस्तू विकायची नाही, आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत कुणालाच विकायची नाही, मोठ्या माणसालाही नाही. ह्याचा दंड दोनशे रुपयांपर्यंत, इथपर्यंत तुमचे दीर बरोबर आहेत. पण २०१५ चा बाल न्याय कायदा आहे ना, त्याचं कलम ७७ त्यांनी वाचलेलं नाही. त्यात मुलाला दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ जो देईल किंवा द्यायला लावेल त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितलाय. दारू, गांजा-चरस आणि तुमच्या काउंटरवरची ती पुडी, तिन्ही एकाच वाक्यात शेजारी शेजारी. आपल्या डोक्यात तंबाखू म्हणजे शेतात येणारं झाड, घरातल्या म्हाताऱ्यांच्या चंचीतली रोजची वस्तू, ती नशेत मोडत नाही. मुलाचा विषय आला की कायद्यात मोडते.

आणि शब्द बघा, "देईल". कुणासाठी देतोय हा प्रश्नच तिथे नाही. पोराने स्वतःसाठी मागितली की आजोबांसाठी, पैसे कुणाचे, घर ओळखीचं आहे का, यातलं काही कायदा विचारत नाही, पुडी कुणाच्या हातात गेली एवढंच बघतो. "द्यायला लावेल" हेही आहे, म्हणजे पोराला पाठवणारा बापही त्यातून सुटत नाही. आता लगेच उद्या पोलीस येऊन तुम्हाला धरतील असं मी म्हणत नाहीये, तुम्हीही जाणता गावात काय होतं आणि काय नाही. पण "दोनशे रुपये फेकले की झालं" या हिशोबावर दुकान चालवू नका, एवढं नक्की सांगेन.

आता दिरांचं ते दुसरं वाक्य, "पोरगं काय स्वतः खातं का". हे फक्त त्यांचं नाही, आपल्या सगळ्यांचंच आहे. मीही लहानपणी आजोबांची पुडी आणि चुन्याची डबी आणायचे, आठ वर्षांची असेन. उरलेल्या पैशांत लिमलेटची गोळी घ्यायची परवानगी असायची, त्यामुळे मी आणि माझा आत्तेभाऊ कोण जाणार यावरून भांडायचो. पुडीचा कागद कसा असतो, वास कसा येतो, आजोबा डाव्या तळहातावर चिमूट घेऊन चुना लावून अंगठ्याने कशी मळतात आणि वरून दोन थापा मारून भुकटी कशी उडवतात, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. कुणी शिकवलं नाही. मी तिथेच थांबले, मुलगी होते, मुलीने खाल्ली तर घरात वेगळाच गहजब झाला असता. आत्तेभाऊ येताना वाटेत पुडीचं टोक फाडून चिमूटभर काढून घ्यायला लागला, हे आम्हाला फार वर्षांनी कळलं, त्यानेच सांगितलं. तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता आणि तोंड किती उघडतं ते बघायला डॉक्टरांनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली होती. दोनच गेली, तीही तिरकी करून. तिखट भाजी त्याला खाता येत नाही, भाकरी दुधात कुस्करून खातो.

म्हणून "स्वतः खातं का" याचं माझं उत्तर आहे, आज नसेल खात. २०१९ मध्ये देशभरातल्या शाळांमधून १३ ते १५ वर्षांच्या मुलांचं सर्वेक्षण झालं होतं, त्यात शंभरातली आठ-नऊ मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती, आणि खाण्याचा तंबाखू ज्यांनी कधी घेतला त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांनी दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आतच तो पहिल्यांदा तोंडात घातला होता. दहाच्या आत म्हणजे तिसरी-चौथी. ती नोट घेऊन आलेली पोर ज्या वर्गात आहे बरोबर तोच वर्ग. त्या वयाचं मूल एकट्याने टपरीवर जाऊन बिनधास्त पुडी मागायची हिंमत करणार नाही, पण "पप्पांनी सांगितलंय" हे शब्द त्याला कुठलाही काउंटर उघडून देतात, एकदा खरे असताना आणि नंतर खरे नसतानाही, आणि काउंटरमागून तुम्हाला त्यातला फरक कळायला काही मार्ग नाही.

"मी नाही दिली तर पुढची टपरी देईल" हे मात्र खरंय, ते मी नाकारत नाही. देईलही. पण टपरीवर चार मोठी माणसं उभी असतात, पोर तिथे जायला थोडं बिचकतं, लांब पडतं, कधी कंटाळतं, आणि घरच्यांनाही टपरीवर पोरगी पाठवायला नको वाटतं, किराणा दुकानात पाठवायला काही वाटत नाही. तुमचं दुकान घरासारखं आहे म्हणून तर तुमच्याकडे पाठवतात. त्यामुळे तुमच्या नाही म्हणण्याला टपरीवाल्यापेक्षा जास्त वजन आहे, तुम्हाला वाटतंय त्याच्या उलट.

मग त्या मुलीचं काय करायचं. इथे तुमचं थोडं चुकलं असं मला वाटतं, आणि ते सहज सुधारण्यासारखं आहे. नाही म्हणायचं ते तिला नाही, तिच्या वडिलांना. उधारीच्या वहीत सगळ्यांचे फोन नंबर असतीलच. पोर आलं की बाकीचं सामान, साखर, चहापत्ती जे असेल ते द्यायचं, रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, आणि ते घरी पोचायच्या आत फोन लावायचा. "दादा, पोरीकडे साखर दिलीय, पुडी तेवढी तुम्ही स्वतः न्या नाहीतर वहिनींना पाठवा, आता नियम झालाय, पोरांच्या हातात दिली तर मलाच आत टाकतील." एवढंच. तंबाखू वाईट, तुम्ही खाऊ नका, पोरीवर काय संस्कार, हे काहीही त्यात आणू नका, त्याने माणूस चिडतो आणि मुद्दा बाजूला राहतो. पोरीला फक्त "बाळा, मी पप्पांशी बोललेय, तुला कुणी काही म्हणणार नाही" एवढं सांगा. बिछान्यावरच्या आजोबांसाठी लागत असेल तर आठवड्याची एकदम मोठ्या माणसाने न्यावी, तेही फोनवरच ठरवता येतं. आणि एखादं लेकरू खरोखर मार खातंय असं तुमच्या लक्षात आलं, अंगावर वळ दिसले, तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, फुकट लागतो.

दुसरी गोष्ट बोर्डाची. तंबाखू विकणाऱ्या प्रत्येक दुकानात ६० बाय ३० सेंटिमीटरचा बोर्ड लावणं बंधनकारक आहे, की १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय अपराध आहे. तुमच्याकडे नसेल, बहुतेकांकडे नसतोच. दोन दिवसांत करून घ्या, गावात फ्लेक्सवाला असतोच. हे मी नियमासाठी सांगत नाहीये फक्त, तुमच्या सोयीसाठी सांगतेय. आज तुम्ही नाही म्हणता तेव्हा तो तुमचा हट्ट दिसतो, एकट्या बाईचा, म्हणून माणूस दारात येऊन ओरडू शकतो. बोर्ड लागला की तुम्ही नुसतं बोट दाखवायचं, वाईटपणा बोर्डाला घेऊ दे. मिसरूड फुटलेली पोरं "मी अठराचा झालो" म्हणतील तर आधार कार्ड किंवा लायसन मागा, कारण नियमात असं आहे की गिऱ्हाईक सज्ञान होतं हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची. वडिलांच्या फोनवरून स्कॅन करून पैसे पाठवले म्हणजे वडिलांनी घेतलं असं होत नाही, हेही लक्षात असू द्या, हल्ली हे फार चालतं. आणि पुड्यांचा डबा गोळ्या-चॉकलेटच्या बरण्यांच्या रांगेतून उचलून मागच्या फळीवर ठेवा, मुलांच्या हाताला सहज लागेल असं ठेवायचं नाही हाही नियमच आहे.

आता तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय ते मला जास्त काळजीचं वाटतं. "संध्याकाळी मी स्वयंपाकाला आत जाते तेव्हा मुलगा गल्ल्यावर बसतो." नववीतला म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचा. १८ खालच्या माणसाने तंबाखू हाताळायची किंवा विकायची नाही असा नियम २०११ पासून आहे, म्हणजे तुमच्या मुलाने मोठ्या गिऱ्हाइकाला पुडी दिली तरी ते चुकतंच. पण नियम राहू दे बाजूला, त्याच्या जागी बसून बघा. संध्याकाळी त्याच्याच वर्गातली पोरं येणार, "दे रे एक सुटी, उद्या पैसे देतो", आई आत, आजी टीव्हीपुढे. नाही म्हटलं तर शाळेत चिडवणार, दिली तर तो अडकला, आणि एक दिवस त्याला म्हणणार तूही घे की, तुझंच तर दुकान आहे. हे ओझं त्याच्यावर टाकू नका. तुम्ही आत जाताना मागच्या फळीला कुलूप आणि चावी तुमच्या कमरेला, मग तो सरळ सांगू शकतो, चावी आईकडे आहे. पोराला मित्रांपुढे तोंड द्यायला एवढी एक गोष्ट पुरते.

सुटी सिगारेट तर बंदच करा. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी बिडी-सिगारेट विकायला बंदी आहे, सगळ्यांनाच. अख्खं पाकीट घ्यायला पोरांकडे पैसे नसतात, सुटी मिळते म्हणून तर त्यांची सुरुवात होते.

आणि सुगंधी सुपारी. तुम्ही लिहिलंय "त्यात तंबाखू नसते, ती तर मुलंच घेतात, ती चालेल ना". नाही चालणार ताई. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, नंतरच्या आदेशांमध्ये सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा, खर्रा हे सगळं आलं. अन्न सुरक्षा कायद्याखाली हा आदेश एका वर्षाचा असतो आणि वर्षामागून वर्ष नवा काढत आलेत. म्हणजे यात लहान-मोठं काही नाही, ती वस्तू दुकानात ठेवायचीच नाही, आणि धाड पडली तर अन्न व औषध प्रशासनाची पडते, ते दोनशे रुपयांचं प्रकरण राहत नाही. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं, कारण सुपारी ही नुसतीच, तंबाखूशिवायही, कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलंय, आणि तोंड उघडायचं कमी होतं ते मुख्यतः सुपारीनेच. माझा आत्तेभाऊ तंबाखूवरून पुढे माव्यावर गेला होता, आणि मावा म्हणजे सगळ्यात जास्त सुपारीच. त्या चकचकीत पुड्या पोरं खाऊ म्हणून घेतात, गोड लागतात, आणि सगळ्यात आधी त्याच लागतात.

आता पैशांचं, कारण घर त्यावर चालतं आणि नुसतं "सोडून द्या" म्हणणं मला सोपं आहे. दोन रस्ते दिसतात. एक, फक्त मोठ्यांना विकायचं, वर सांगितलं तसं काटेकोर. दोन, तंबाखू पूर्ण बंद. मला दुसरा आवडेल, पण आज तुम्ही तो घ्या असं मी म्हणणार नाही, नवरा गेल्यावर उभं केलेलं दुकान आहे. त्याआधी एक महिना वेगळ्या वहीत लिहा, तंबाखू-बिडीवर हातात निव्वळ किती पडलं, आणि पुडी घ्यायला आलेल्यांनी अजून काय नेलं. बऱ्याच दुकानदारांना वाटतं पुडीमुळे गिऱ्हाईक येतं, पण महिन्याची यादी घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा बाई असते आणि ती पुडीसाठी येत नाही, उलट दुकानापुढे पिंका मारत उभे राहणारे नसले तर तिला बरंच वाटतं. पण हा माझा अंदाज, तुमच्या वहीत काय येतं ते खरं धरा. जे खातं गेलं ते कदाचित परत येणार नाही, तेवढं नुकसान धरून चला. खोटी आशा मी देत नाही.

एकटीने मात्र हे ओढू नका. ज्या बाई दुकानात आल्या होत्या त्यांनाच गाठा आणि स्पष्ट सांगा, तुम्ही सांगून गेलात, गिऱ्हाईक माझं तुटलं, आता मला मदत करा. शाळांसाठी केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्त शाळेच्या सूचना आहेत, शाळेभोवतीच्या १०० यार्डांची खूण करायला त्यात सांगितलंय, शाळेतल्या कुणाकडे तरी तंबाखूवर लक्ष ठेवायची जबाबदारी द्यायची असते. तर शाळेने पालकसभेत एवढं एकच वाक्य बोलावं, की मुलांना पुडी आणायला पाठवू नका, दुकानदार देणार नाहीत. दुकानदारांची नावं नकोत. मुख्याध्यापकांनी तुम्हा चार-पाच दुकानदारांना एकत्र बोलावलं, समोरच्या दुकानालाही, तर उत्तमच, कारण सगळ्यांनीच नाही म्हटलं तर कुणाचंच खातं तुटत नाही. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियानात अनेक गावांनी असं बसून ठरवून दारू-तंबाखूची विक्री थांबवलीय, आणि तिथे खर्ऱ्याचं प्रमाण आपल्याकडच्यापेक्षा कमी नाही. तुमच्या ग्रामसभेत किंवा बचत गटात हा विषय निघाला तर तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त बाया तुमच्या बाजूने बोलतील.

सासूबाई मिश्री लावतात आणि त्यांचीच मिश्री नातू आणून देतो असंही तुम्ही लिहिलंय. मग सुरुवात घरातूनच करा, त्यांची मिश्री आजपासून तुम्ही द्या, त्याला सांगू नका. त्यांना सोडायची इच्छा झाली तर १८०० ११ २३५६ हा सरकारी फोन आहे, तंबाखू सोडायला मदत करतात, पैसे पडत नाहीत. जबरदस्ती नको, या वयात नुसता नंबर हाताशी असला तरी पुष्कळ.

एक राहिलं, आणि खरं तर हेच सगळ्यात आधी करा. तुम्ही म्हणता शाळा लांब आहे, वळून जायला चार मिनिटं लागतात. पण १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर, हे रस्त्याने मोजत नाहीत, शाळेच्या कुंपणापासून सरळ रेषेत मोजतात, गेटपासूनही नाही. तुमच्याच पत्रात आहे की मधल्या सुट्टीत मैदानाच्या मागच्या भिंतीवरून उड्या मारून पोरं दुकानात येतात. ती भिंत तुमच्या दुकानापासून किती अंतरावर आहे ते मुलाला घेऊन टेपने नाहीतर फोनच्या नकाशावर मोजा आणि मला कळवा, कारण ते अंतर ९१ च्या आत आलं तर मोठ्यांना विकायचा पहिला रस्ता तुम्हाला उरतच नाही, आणि मग वहीचा हिशोब आपल्याला लगेच बसून करावा लागेल.